शाळेच्या गेटपर्यंत जाऊ की कोपऱ्यावरच थांबू? (वेगळ्या वंशाचं मूल दत्तक घेतलेल्या पालकांसाठी)

ओंजळ
बरेच महिने इथे नुसती वाचत होते, आज धागा काढायचं धाडस करते.

आमची लेक साडेसहा वर्षांची आहे. चौदा महिन्यांची असताना घरी आली. तिचा जन्म दुसऱ्या खंडातला. वर्ण, केस, डोळ्यांची ठेवण सगळंच आमच्या दोघांपेक्षा वेगळं, त्यामुळे ती दत्तक आहे हे कुणाला सांगावं लागत नाही. तिलाही आम्ही पहिल्यापासून सांगत आलो. तिची गोष्ट ती स्वतःच रंगवून सांगायची, विमानाचा आवाज काढून वगैरे.

गेल्या महिन्यात शाळा सुटल्यावर ती माझा हात धरून उभी होती, आणि दुसऱ्या एका मुलाच्या आईने तिला विचारलं, "अगं, तुझी आई नाही आली आज न्यायला?" ती काहीच बोलली नाही. घरी आल्यावर दप्तर ठेवता ठेवता म्हणाली, "आई, उद्यापासून तू गेटपर्यंत नको येऊस. कोपऱ्यावर थांब. मी येते पळत."

तीन आठवडे झाले, मी कोपऱ्यावर थांबते आहे. ती खरंच पळत येते, मिठी मारते. पण रोज तिथे उभी राहिले की घशात काहीतरी अडकतं. मी तिचं ऐकतेय ते बरोबर आहे, की लपायला शिकवतेय?

दुसरं म्हणजे, तिच्या जन्मदेशाबद्दलची पुस्तकं, बाहुल्या, गाणी सगळं हौसेने जमवलं होतं. परवा एक पुस्तक काढलं तर म्हणाली, "हे तू वाच." आणि निघून गेली. कुठे चुकतंय माझं?

पाणपोई
ओंजळ, इतका विचार करू नकोस गं. लहान मुलांना रंग-वंश काही कळत नाही, ते आपण मोठी माणसं शिकवतो. भरपूर प्रेम दे, विषय काढूच नकोस. आपोआप विसरेल. माझ्या नात्यात एक मूल असंच वाढलंय, आज कुणाला आठवतही नाही की ते दत्तक आहे.

सायंतारा
वाचतेय. आम्हीही या वाटेवर आहोत, कागदपत्रं चालू आहेत.

रानफूल
पाणपोई, तुमची माया कळते, पण ते मूल विसरलंय का, हे त्यालाच विचारावं लागेल. बाकीच्यांना आठवत नाही, ही वेगळी गोष्ट झाली.

मी स्वतः दत्तक आहे, आता ३४ वर्षांची. आई-बाबा एका वंशाचे, मी दुसऱ्या. ओंजळ, तो कोपरा मला चांगला माहीत आहे. माझ्याकडे शाळेशेजारचं झाड होतं. तिसरीपासून आईला त्या झाडाखाली थांबायला लावायचे. आईची लाज वाटत होती म्हणून नव्हे, हे आधी सांगते, कारण तुमच्या घशात जे अडकतंय ते तेच असणार. मला उत्तरं देण्याचा कंटाळा यायचा. आई दिसली की प्रश्न सुरू: ही तुझी खरी आई का, मग खरी कुठेय, तिने का दिलं. सात वर्षांच्या मुलीला रोज दुपारी साडेबाराला आपलं सगळं आयुष्य सांगायला लागत असेल, तर ती झाड शोधणारच.

आणि दुसरं कारण. असा प्रश्न आला की आईचा चेहरा पडायचा. मला ते बघवायचं नाही. म्हणजे मी मला वाचवत होते आणि तिलाही. हे मी तिला पंचविशीत सांगितलं.

पुस्तकांचं म्हणाल तर माझ्याकडेही होती. त्या देशाचा नकाशा माझ्या भिंतीवर होता. पण मला नकाशा नको होता, माणसं हवी होती. माझ्यासारखी दिसणारी, आणि तीही मुद्दाम माझ्यासाठी आणलेली नकोत. दात तपासणारी डॉक्टर तशी असावी, पोहायला शिकवणारी ताई तशी असावी, आईची एखादी मैत्रीण तशी असावी. अठरा वर्षांची होईपर्यंत ज्या ज्या खोलीत शिरले तिथे तशी मी एकटीच होते. आई-बाबांनी मला त्या देशाविषयी खूप काही शिकवलं, पण त्यांच्या स्वतःच्या ओळखीत त्या वंशाचं एकही माणूस नव्हतं. मूल हे न बोलता टिपतं: हे लोक माझ्यापुरते महत्त्वाचे आहेत, आई-बाबांना त्यांची गरज नाही.

ओंजळ
रानफूल, हे दोनदा वाचलं. चेहरा पडतो हे खरं आहे. त्या दिवशी माझा पडला होता.

कंदील
लहान मुलांबरोबर काम करते, म्हणून पाणपोईंच्या मुद्द्यावर थोडं. मुलांना रंग कळत नाही ही समजूत फार गोड आहे, पण ती टिकत नाही. नवजात बाळ सगळ्या चेहऱ्यांकडे सारखंच बघतं, पण तीन महिन्यांचं झालं की रोज दिसणाऱ्या वंशाच्या चेहऱ्यांकडे जास्त वेळ बघायला लागतं. ज्या बाळांच्या अवतीभवती आपल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वंशांचे चेहरे असतात त्यांच्यात मात्र हा कल दिसत नाही. रानफूल म्हणतेय ते इतक्या लवकर सुरू होतं.

आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना कुठला रंग 'चांगला' मानला जातो हेही समजलेलं असतं. १९४० च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या जोडप्याने अमेरिकेत तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या होत्या. छान बाहुली कोणती, विचारल्यावर बहुतेकांनी गोरी उचलली. मग तुझ्यासारखी कोणती, असं विचारल्यावर काही मुलं रडली. शाळांमधली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवणाऱ्या १९५४ च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. त्या मुलांना हे कुणी समोर बसवून शिकवलं नव्हतं. घरात विषय काढला नाही तर मूल एवढंच शिकतं की हा विषय काढायचा नसतो.

तीनपेडी
मी बाबा आहे, माझी मुलगी आता नऊ वर्षांची. मला केसांबद्दल लिहायचंय. कुणाला किरकोळ वाटेल, पण आमच्या घरात सगळं केसांपासूनच सुरू झालं.

तिचे केस अगदी घट्ट कुरळे, स्प्रिंगसारखे. पहिली दोन वर्षं मी माझ्या पद्धतीने वागलो: रोज शाम्पू, कोरडे केस, बारीक कंगवा, मुळापासून खाली. ती किंचाळायची. मला वाटायचं हट्टी आहे. केस तुटत होते, टाळूला खपल्या धरत होत्या आणि मी तिलाच रागवत होतो. एकदा बागेत एक अनोळखी बाई माझ्याजवळ आल्या. तशाच केसांच्या होत्या. म्हणाल्या, "राग मानू नका, पण मुलीचे केस दुखत असतील." आयुष्यात इतकं मेल्याहून मेल्यासारखं कधी झालं नव्हतं. आणि त्या बाईंचे इतके उपकार मी कधी फेडू शकणार नाही.

त्यांनी शिकवलं ते असं. हे केस रोज धुवायचे नाहीत, आठवड्याला एकदा पुरे. टाळूचं तेल अशा वळणावळणाच्या केसांत टोकापर्यंत उतरत नाही, म्हणून ते कोरडे पडतात. गुंता ओल्या केसांत, भरपूर कंडिशनर लावून, बोटांनी किंवा रुंद दातांच्या कंगव्याने सोडवायचा, आणि सुरुवात टोकापासून करून हळूहळू मुळाकडे जायचं. झोपताना सॅटिनची उशी किंवा टोपी, कारण सुती कापड ओल शोषतं आणि घासतं. वेण्या घट्ट ओढायच्या नाहीत, कपाळाजवळचे केस कायमचे जाऊ शकतात.

आता रविवारी सकाळी दोन तास आमचे. ती माझ्या पुढ्यात बसते, मी पेड घालतो आणि त्या दोन तासांत ती जे बोलते ते आठवडाभर बोलत नाही. शाळेत कुणीतरी न विचारता केसांत हात घालतं, हे मला त्यातच कळलं. तिला वाक्य शिकवलं: "हात लावायच्या आधी विचार. आणि मी नाही म्हणणार आहे." ती ते फार आवडीने वापरते!

त्या बाई आता आमच्या घरच्याच आहेत. ओंजळ, रानफूल म्हणतात ती माणसं अशी भेटतात. फक्त आपल्याला येत नाही हे कबूल करावं लागतं.

सायंतारा
तीनपेडी, हे उतरवून ठेवलं. डोळे भरून आले.

सरळरेघ
एक अप्रिय मत मांडतो. वेण्या आणि बाहुल्यांच्या आधीचा प्रश्न कुणी विचारत नाहीये: मूल इतक्या लांब आलंच का?

दक्षिण कोरियातून १९५० ते ५३ च्या युद्धानंतर मुलं बाहेर जायला लागली आणि देश श्रीमंत झाल्यावरही जात राहिली. आकडा दोन लाखांच्या आसपास जातो. २०२५ च्या मार्चमध्ये तिथल्याच सत्य व समेट आयोगाने (जुन्या अन्यायांची चौकशी करणारा सरकारी आयोग) सांगितलं की कागद बदलले गेले, घरचे हयात असलेल्या मुलांची अनाथ म्हणून नोंद झाली आणि सरकारने देखरेख केली नाही. नेदरलँड्सने २०२१ मध्ये चौकशी अहवालानंतर परदेशी दत्तक थांबवलं होतं. इथिओपियाने २०१८ मध्ये बंद केलं. चीनने २०२४ मध्ये नातेवाइकांचा अपवाद ठेवून बंद केलं. हे सगळे देश वेडे नाहीत. ज्या आईला गरिबीमुळे मूल सोडावं लागलं तिला मदत केली असती, तर मुलाला कोपराच शोधावा लागला नसता.

हिरवळ
सरळरेघ, एका आईने आपलं दुःख लिहिलंय. ही जागा आहे का?

ओंजळ
हिरवळ, असू दे. मला लागलं, पण ते खोटं नाहीये. आमच्या फायलीत तिच्या जन्मदात्या आईबद्दल दीड ओळ आहे. ती दीड ओळ खरी आहे का, हे मी रात्री किती वेळा मनात आणलंय. लेक एक दिवस हेच विचारेल, आणि तेव्हा "आम्हाला ठाऊक नव्हतं" एवढं उत्तर मला पुरणार नाही. पण सरळरेघ, ती आत्ता इथे आहे, शेजारच्या खोलीत झोपली आहे. मला उद्याची दुपार सांभाळायची आहे.

सरळरेघ
मान्य. माझा रोख तुमच्यावर नव्हता. सूर मात्र चुकला. क्षमस्व.

शाईपेन
दत्तक प्रकरणांच्या कागदपत्रांचं काम बरीच वर्षं केलंय, म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारं थोडं लिहिते.

सरळरेघ म्हणतात ते करारातच आहे. परदेशी दत्तकाबद्दलचा १९९३ चा आंतरराष्ट्रीय हेग करार सांगतो की आधी मूल जन्मकुटुंबात राहावं यासाठी प्रयत्न, मग त्याच देशात कुटुंब, आणि तेही जमलं नाही तर परदेश. १९८९ च्या बालहक्क करारातलं विसावं कलम मुलाची वांशिक, धार्मिक, सांस्कृतिक आणि भाषिक पार्श्वभूमी लक्षात घ्यायला सांगतं. म्हणजे ओंजळ, तू बाहुल्या आणतेस ती नुसती हौस नाही, तो तिचा हक्क आहे. पण हक्क तिचा आहे, त्यामुळे "हे तू वाच" म्हणण्याचाही आहे.

काही कामाच्या गोष्टी. फायलीतला प्रत्येक कागद, पाकिटासकट, जपून ठेव. मुलाच्या मूळची माहिती आणि वैद्यकीय इतिहास जपायचं बंधन हेग करारात देशांवर आहे, पण घरची प्रत ती घरची प्रत. दीड ओळ असली तरी ती तिची. ती कुणाला सांगायची हे तिने ठरवायचं. नातेवाइकांना आधी सांगून बसू नकोस. घरी आलेल्या पाहुण्याकडून आपली गोष्ट ऐकायला लागणं मुलांना फार जिव्हारी लागतं.

सायंतारा, तुम्ही सुरुवातीला आहात म्हणून: नागरिकत्वाचं काम पहिल्या वर्षातच पुरं करा. अमेरिकेत २००० साली परदेशातून आलेल्या दत्तक मुलांना आपोआप नागरिकत्व देणारा कायदा झाला, पण २७ फेब्रुवारी २००१ ला ज्यांची अठरा वर्षं पूर्ण झाली होती ते त्यातून वगळले गेले. आई-बाबांनी अर्ज केला नव्हता एवढ्यावरून, तिथेच लहानाचे मोठे झालेले काही जण ज्या देशाची भाषाही येत नाही तिथे पाठवले गेले.

आणि बाळाच्या पाठीवर किंवा कुल्ल्यांवर निळसर-करडे डाग दिसले तर घाबरू नका. गडद वर्णाच्या आणि आशियाई बाळांमध्ये ते जन्मतःच असतात, बहुतेक काही वर्षांत जातात. पण ज्यांनी कधी पाहिले नाहीत त्यांना ते माराचे वळ वाटतात. डॉक्टरांकडून पहिल्याच भेटीत नोंद करून घ्या. एका जोडप्याला या डागांपायी चौकशीला सामोरं जावं लागलेलं मी पाहिलंय.

तीनपेडी
डागांबद्दल +१. आम्हालाही पाळणाघरात विचारलं होतं.

गोधडी
थोडं अवांतर. आपल्या भाषेचं काय करायचं? 'रंगाने डावी', 'सावळी पण देखणी', 'उजळ आहे हो मुलगी'. आजी-आजोबा हे सहज बोलतात, मनात काही नसतं. पण माझ्या मुलाने पाचव्या वर्षी विचारलं, "डावी म्हणजे चुकीची ना?" त्या दिवसापासून आमच्या घरात या 'पण'ला बंदी आहे. सासूबाईंना सुरुवातीला फार राग आला. आता त्याच पाहुण्यांना टोकतात.

'पोटचं मूल' आणि 'खरी आई' हेही काढून टाकलं. आम्ही 'जन्म देणारी आई' म्हणतो. त्याने एकदा शेजारणीला समजावलं, "एका आईने मला जन्म दिला आणि ही आई मला रोज उठवते. उठवायचं काम जास्त अवघड आहे." :)

हिरवळ
गोधडी, :) :)
आणि ते साम्य शोधण्याचं! "नाक बाबांचं, हनुवटी आत्याची" सुरू झालं की माझी भाची गप्प व्हायची. मग आजोबांनी तोडगा काढला. म्हणाले, घोरण्यात ही थेट माझ्यावर गेली आहे. तेव्हापासून ती सगळ्यांना अभिमानाने सांगते, आमच्या घराण्यात सगळे घोरतात.

पाणपोई
गोधडी, मी 'उजळ' शब्द किती वेळा वापरते हे आज दिवसभर मोजत होते. मोजायला नको होतं असं वाटलं. रानफूल, तू म्हणालीस तसं त्या मुलाला विचारायचं ठरवलंय. आता तो तिशीचा आहे. कसं विचारू?

रानफूल
पाणपोई, विचारू नका, सांगा. "तुझ्याशी या विषयावर कधी बोलले नाही, चुकलंच माझं. तुला वाटलं तर मी ऐकायला आहे." त्याला वाटलं तर बोलेल. वर्षभरानेही बोलेल.

उच्चार
भाषेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. मी भाषा शिकवते. तीन ते आठ वर्षांच्या वयात कोरियातून फ्रान्सला दत्तक गेलेल्या, पुढे मोठ्या झालेल्या लोकांचा मेंदू २००३ साली तपासला, तर कोरियन ऐकताना त्यांचा प्रतिसाद कोणत्याही अनोळखी भाषेसारखाच होता. सगळं पुसलं गेलं, असा अर्थ तेव्हा लावला गेला. पण २०१४ मध्ये कॅनडात फ्रेंच घरांत वाढलेल्या, चीनमधून अगदी लहानपणी आलेल्या मुलींना चिनी भाषेतले सूर (ज्यांनी शब्दाचा अर्थ बदलतो) ऐकवले. त्यांना ती भाषा अजिबात येत नव्हती, तरी मेंदूचा प्रतिसाद चिनी बोलणाऱ्यांसारखा होता.

ओंजळची मुलगी चौदा महिन्यांची असताना आली. म्हणजे ती वर्षभर कुणाचं तरी बोलणं ऐकत होती. मी म्हणेन, तिला वर्गात घालू नका, तुम्ही स्वतः शिका. मुलीसमोर अडखळा, चुका. तिला वाटलं तर दुरुस्त करायला येईल.

मधलाबाक
मुलगा सोळा वर्षांचा आहे, म्हणून पुढचं सांगतो. पाच वर्षांचा होता तेव्हा रस्त्यात लोक थांबून गाल ओढायचे. तेराव्या वर्षी उंची वाढली आणि तेच लोक पर्स छातीशी धरायला लागले. दुकानात मी एकटा गेलो तर मला कुणी बघत नाही. तो एकटा गेला की रखवालदार मागे मागे असतो. पहिल्यांदा त्याने सांगितलं तेव्हा मी म्हणालो, "तुझा गैरसमज झाला असेल." माझ्या बापपणातलं हे सगळ्यात वाईट वाक्य. त्यानंतर सहा महिने त्याने मला काहीच सांगितलं नाही.

मग एकदा त्याच्या दहा पावलं मागून, अनोळखी असल्यासारखा दुकानात गेलो. माझ्या डोळ्यांनी बघितलं. बाहेर आल्यावर त्याची माफी मागितली. आता आमच्यात ठरलंय: तो सांगेल, मी आधी विश्वास ठेवेन, मग विचारेन. आणि दुकानातून पावती हातात घेऊनच बाहेर पडायचं. हा नियम त्याला शिकवताना मला फार राग येतो, पण शिकवतो.

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजसेवकांच्या संघटनेने १९७२ मध्ये गोऱ्या घरांत काळी मुलं देण्याला ठाम विरोध केला होता. त्यांच्या मुद्द्यांपैकी एक हाच होता, की वंशभेदाला तोंड कसं द्यायचं हे अशी घरं मुलाला शिकवू शकत नाहीत. पुढे १९९४ च्या कायद्याने केवळ वंशावरून दत्तक अडवणं किंवा लांबवणं थांबवलं. मला तो विरोध पूर्वी अन्यायाचा वाटायचा. आता वाटतं, ते माझ्याबद्दलच बोलत होते. मूल माझ्याकडे आलं याचं मला दुःख नाही. पण जे मी जगलो नाही ते मी एकट्याने शिकवू शकत नाही, हे कळायला मला तेरा वर्षं लागली.

सरळरेघ
मधलाबाक, हे लिहिल्याबद्दल मनापासून धन्यवाद.

सायंतारा
आमच्या मुलाखतीत हे कुणीच विचारलं नाही. पगार विचारला, घर किती मोठं ते विचारलं. तुमच्या ओळखीत या वंशाचे किती लोक आहेत, हे विचारलं असतं तर आम्ही दोघं गप्प बसलो असतो. आज रात्री यावरच बोलणार आहोत.

रानफूल
सायंतारा, हे आत्ता बोलताय हे फार चांगलं. एक पुढचं. मी एकविसाव्या वर्षी जन्मदेशात गेले. वाटलं होतं, तिथे तरी गर्दीत मिसळून जाईन. दोन मिनिटं गेलेही. मग बस थांब्यावर एका आजींनी काहीतरी विचारलं, मला एक शब्द कळला नाही आणि त्या माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मी मुद्दाम बोलत नाहीये. तिथे चेहरा जुळला, जीभ जुळली नाही. खोलीत येऊन आईला फोन करून रडले. आई म्हणाली, "मी येऊ का तिकडे?" आणि खरंच दुसऱ्या विमानाने आली. आम्ही दोघी तिथे फिरलो, तेव्हा लोक तिच्याकडे वळून बघत होते. पहिल्यांदाच उलटं झालं होतं. ती म्हणाली, "तुला रोज असं होतं?"

ओंजळ
पंधरा दिवसांनी परत येतेय. सगळ्यांचे प्रतिसाद आम्ही दोघांनी एकत्र बसून वाचले.

लेकीला विचारलं, "कोपऱ्यावर थांबते ते चालतंय ना? तुला लोक विचारतात म्हणून का?" तर म्हणाली, "हो. आणि तू मग रडकी होतेस." रानफूल, अगदी तेच. मी सांगितलं की मी त्या बाईंवर चिडले होते, तुझ्यामुळे नाही, आणि उत्तर द्यायचं काम तुझं नाही, माझं आहे. तिने विचारलं, काय उत्तर देशील? मी म्हटलं, "मीच तिची आई." तिने म्हणून दाखवायला लावलं. पहिल्यांदा म्हणाली, हळू आवाज आहे. दुसऱ्यांदा म्हणाली, आता रागावल्यासारखा आहे. चौथ्या वेळी पास झाले.

पुस्तकं कपाटात ठेवली आहेत, तिचा हात पोचेल अशा खणात. मी भाषेचे धडे सुरू केलेत, तिने अजून लक्ष दिलेलं नाही. पोहण्याचा वर्ग मात्र बदलला. नवा लांब आहे, पण तिथे शिकवणाऱ्या ताई तिच्यासारख्या दिसतात. पहिल्या दिवशी ती पाण्यात उतरलीच नाही, तासभर काठावर बसून त्यांच्याकडे बघत होती.

काल रात्री झोपताना म्हणाली, "शुक्रवारी गेटपर्यंत ये. बाकीचे दिवस कोपरा." तर उद्या शुक्रवार आहे.

तीनपेडी, पोहल्यानंतर तिच्या केसांचं काय करू? क्लोरीनने फार कोरडे पडलेत.

तीनपेडी
पाण्यात उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने केस पूर्ण भिजवा, म्हणजे क्लोरीनचं पाणी कमी शोषलं जातं. वरून थोडं कंडिशनर, मग टोपी. बाहेर आल्यावर लगेच धुवा, घरी येईपर्यंत थांबू नका. आणि शुक्रवारचं कळवा.